कठड्याचं काम

कोर्टाच्या रजिस्ट्रार बाईंची चिठ्ठी आली:
आरोपीच्या कठड्याची वरची पट्टी बदलायची आहे.
लांबी सहा फूट, रुंदी पाच इंच, जाडी दोन.
लाकूड ओडमच हवं. पैसे महिनाअखेर.

सॉल्टपाँडमध्ये सुतार तसे चार,
पण ओडमला हात घालणारा मी एकटा.
रंध्याचं पातं दिवसातून तीनदा धार मागतं
आणि भुसा नाकात गेला की रात्रभर शिंका.

रविवारी कोर्ट रिकामं असताना जुनी पट्टी उपटली.
न्यायाधीशांचं मेज अजून कोरं करकरीत,
साक्षीदाराच्या जागेचंही पॉलिश शाबूत.
झिजली होती ती फक्त ही,
आणि तीही दोनच ठिकाणी,
विहिरीच्या काठासारखी.

मी माझे हात त्या खळग्यांत ठेवून पाहिले.
बसेनात. खळगे फार लांब लांब.
म्हणजे निकाल ऐकताना माणूस
हात असे फाकून धरतो तर,
लाटेवरच्या होडीत उभा राहिल्यासारखा.

खालच्या अंगाला, जिथं कुणी बघत नाही,
नखानं कोरलेली एक कोंबडी,
वाळलेलं च्युइंगम,
आणि कुणाची तरी वजाबाकी. चुकलेली.

पाच वर्षांपूर्वी मी शेवटच्या बाकावर होतो.
इथं उभा होता क्वेकू अंपिया, ट्रोट्रोचा ड्रायव्हर,
ज्यानं प्यायलेल्या अंगानं गाडी घातली
आराबाच्या शेगडीवर, भाजत्या कणसांवर, आराबावर.
माझी धाकटी बहीण.

सात वर्षं, म्हणाले न्यायाधीश.
मला वाटलं होतं, सात वर्षं म्हणजे काहीतरी
माझ्या हातात ठेवतील, मोजून,
निदान शेंगदाण्याच्या पुडीएवढं.
ती सगळी त्यालाच दिली.
त्याची आई फाटकाशी उभी होती;
तिलाही सात मिळाली, कुणी वाचून न दाखवता.
आम्ही बाहेर आलो. भूक लागली होती.
केंके खाल्लं, तळलेली मासळी खाल्ली,
आई म्हणाली, मिरची कमी आहे.

लोक म्हणतात, न्याय झाला.
झाला असेल. मी तेव्हा तिथंच होतो,
माझ्या देखत झाला,
तरी अजून कधी कधी विचारतो आईला,
झाला ना?

नवी पट्टी तासून झाली तेव्हा एक गोष्ट अडली.
चिठ्ठीत लांबी होती, रुंदी, जाडी, सगळं होतं,
कडा गोल करायच्या की तशाच ठेवायच्या
ते लिहिलं नव्हतं.
कोऱ्या ओडमची कड तळहात कापते.
विचारायला गेलो तर बाई म्हणाल्या,
सुतार तुम्ही, तुम्हीच ठरवा.

पहिल्या रात्री ठेवली तशीच.
कंदील विझवला, झोपलो, आराबाचं नाव घेतलं.
दुसऱ्या रात्री पुन्हा ठेवली.
तिसऱ्या रात्री सँडपेपर घेऊन बसलो
आणि पहाटे कोंबडं आरवेपर्यंत घासत राहिलो.
क्षमा वगैरे म्हणू नका त्याला.
काम करताना मला कुणाचाच चेहरा दिसत नव्हता,
फक्त कड होती, आणि ती बोटाला लागत होती.

सोमवारी पट्टी बसवली. पॉलिश ओलंच होतं.
बिलासाठी मागच्या बाकावर थांबलो.
पहिलीच आरोपी, एफुआ नावाची पोर,
फोन चोरला म्हणून, सोळाची असेल नसेल,
आली आणि दोन्ही हात टेकले.
चिकटली. दचकून मागं घेतले,
फ्रॉकला पुसू लागली.
न्यायाधीश ओरडले, हात लावायला कुणी सांगितलं?
ती माझ्याकडे बघत होती. मीही पॉलिशच्या हातानं
खिशात रुमाल शोधत होतो.

तिला काय झालं मला ठाऊक नाही,
बिल मिळालं तसा मी निघालो.
पण पट्टीवर ते दोन पंजे तसेच वाळले,
रेघांसकट.
रजिस्ट्रार बाई दोनदा म्हणाल्या, घासून टाका.
मी म्हणतो, येतो उद्या.